मत, धर्म आणि पाच वर्षांचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्माच्या नावावर मत मागू नये असं आम्ही म्हणतो, म्हणून निवडणुका जवळ आल्या की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही मनापासून विचारलेले असतात, काही आम्हाला कोंडीत पकडायला. दोन्ही प्रकारचे इथे घेतले आहेत. कायद्याचे संदर्भ लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांचे आहेत. ग्रामपंचायत, नगरपालिकांचे कायदे वेगळे आहेत, तिथे राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता पाहावी.

राजकारणातून धर्म बाहेर काढायचा म्हणजे आम्ही देवधर्म सोडायचा का?

नाही. तुम्ही उपास करा, रोजे ठेवा, वारीला जा, रविवारी चर्चला जा. राज्यघटनेचं कलम २५ तुम्हाला हा हक्क देतं, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांना धक्का लागत नाही तोवर त्याला कुणी हात लावू शकत नाही. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात एक ओळ आहे, ती फारशी कुणी वाचत नाही. धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय आणि इतर ऐहिक व्यवहारांवर सरकार कायद्याने नियंत्रण आणू शकतं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. 'राजकीय' हा शब्द घटनाकारांनी विचार करूनच घातलेला आहे.

आमचं म्हणणं एवढंच की मत मागताना धर्म मध्ये आणू नका. आणि हे म्हणणं नैतिकतेचं कमी, व्यवहाराचं जास्त आहे. रस्त्याच्या नावावर मत घेतलं तर पाच वर्षांनी रस्ता दाखवावा लागतो. धर्माच्या नावावर घेतलं तर काय दाखवायचं? धर्म धोक्यात आहे असं सांगून निवडून आलेला माणूस पुढच्या खेपेलाही धर्म धोक्यातच आहे असं सांगतो, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं सिद्ध करता येत नाही. ज्या मताचा हिशेबच मागता येत नाही असं मत उमेदवाराला फार स्वस्तात पडतं.

कायद्यात नेमकं काय आहे?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. त्याचं कलम १२३(३) म्हणतं की धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन करणं हा 'भ्रष्ट आचार' आहे. तो सिद्ध झाला तर निवडणूक रद्द होते. धार्मिक चिन्हांचा वापरही यातच येतो. १२३(३अ) मध्ये निवडणुकीसाठी समाजासमाजांत तेढ निर्माण करणं येतं, आणि तशीच तेढ निर्माण करण्यासाठी कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

या कायद्यात पूर्वी एक पळवाट होती. आवाहन 'पद्धतशीर' असलं तरच गुन्हा, असं लिहिलेलं होतं. म्हणजे एकदोनदा बोलून गेलं तर चालायचं. १९६१ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. आता एक भाषणही पुरतं.

कागदावर ठीक आहे. आपल्याकडे कधी कुणाची निवडणूक खरंच रद्द झाली का?

झाली, आणि तीही मुंबईत. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभेची पोटनिवडणूक होती. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू निवडून आले. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे हायकोर्टात गेले. पुरावा होता तीन सभांचा: २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर. मुख्य वक्ते होते बाळासाहेब ठाकरे, आणि मतं हिंदूंच्या नावाने मागितली गेली होती. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई हायकोर्टाने निवडणूक रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. पुढे १९९९ मध्ये, निवडणूक आयोगाच्या मतावरून, राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. इतक्या मोठ्या नेत्याच्या बाबतीत असं घडल्याचं दुसरं उदाहरण आपल्या राज्यात नाही.

पण तारखांकडे पुन्हा एकदा बघा. मतदान ८७ मध्ये, अंतिम निकाल ९५ मध्ये. मधल्या काळात ती विधानसभा मुदत संपून विसर्जित झाली, नवी निवडून आली, तीही संपली. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं याच कायद्यात, कलम ८६ मध्ये, लिहिलेलं आहे. कायदा आहे, दात आहेत, पण चावा बसेपर्यंत चोर गाव सोडून गेलेला असतो.

मग त्याच दिवशी मनोहर जोशींची निवडणूक कशी वाचली?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बातम्या नीट वाचलेल्या असतात. हो, ११ डिसेंबर १९९५ लाच दादर मतदारसंघाचाही निकाल लागला. १९९० च्या प्रचारात जोशींनी पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल असं म्हटल्याचा आरोप होता. निकाल लागला तेव्हा ते राज्याचे मुख्यमंत्री होते. न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठाने म्हटलं की असं विधान कितीही निंद्य असलं तरी ती एक आशा आहे, धर्माच्या नावाने मत द्या असं आवाहन नाही. प्रभूंच्या खटल्यात त्याच पीठाने 'हिंदुत्व' हा शब्द नुसता उच्चारला म्हणून भ्रष्ट आचार होत नाही, तो जीवनपद्धतीच्या अर्थानेही येतो, असंही म्हटलं.

आमच्या मते हा फरक फार बारीक कातला गेला. प्रचारसभेत उभं राहून बोललेली आशा ऐकणाऱ्याला आवाहनच वाटते, नाहीतर सभा कशाला घ्यायची? पण निकाल निकाल असतो. २०१६ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे हा विषय उकरून काढायचा प्रयत्न झाला, तेव्हा कोर्टाने त्यात शिरायला नकार दिला.

उमेदवाराने स्वतःच्या धर्माचं नाव घेतलं नाही, मतदाराच्या धर्माचं घेतलं, तर?

तरीही भ्रष्ट आचार. हे २ जानेवारी २०१७ ला ठरलं, आणि तो खटलाही मुंबईचाच: सांताक्रूझ मतदारसंघ, १९९० ची निवडणूक, भाजपचे अभिराम सिंह. सत्तावीस वर्षांनी उत्तर मिळालं. चार विरुद्ध तीन अशा बहुमताने कोर्टाने सांगितलं की उमेदवार, त्याचा एजंट आणि मतदार, यांपैकी कुणाच्याही धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावाने आवाहन चालणार नाही. बहुमतात सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांच्याबरोबर न्या. मदन लोकूर, न्या. शरद बोबडे आणि न्या. नागेश्वर राव होते.

मग दलितांवरच्या अत्याचाराबद्दल, आरक्षणाबद्दल, मराठीबद्दल बोलायचंच नाही का?

हाच आक्षेप विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायमूर्तींचा होता. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या मताचा गाभा असा: ज्यांच्यावर जातीमुळे, धर्मामुळे, भाषेमुळे शतकानुशतकं अन्याय झाला, त्यांनी निवडणुकीत तो विषय काढायचा नाही म्हटलं तर लोकशाही पोकळ होईल. मुद्दा वजनदार आहे. बहुमताच्या निकालाशी आम्ही सहमत असलो तरी हा मुद्दा सोडून देता येत नाही.

आमची समजूत अशी. 'वस्तीला स्मशानभूमी नाही, ती मिळवून देईन' हा हक्काचा प्रश्न आहे. वस्ती कुणाची आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, त्याने काही बिघडत नाही. 'मी तुमच्या जातीचा, म्हणून मला मत द्या' हे आवाहन आहे. पहिल्याचा पाच वर्षांनी हिशेब होतो: स्मशानभूमी झाली की नाही? दुसऱ्याचा होत नाही. माणूस जातीचा होता, आहे, पुढेही राहील.

भाषेचंही तेच. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे हरियाणाच्या भागातला एक खटला आला होता, त्यात 'ओम' लिहिलेल्या ध्वजापासून हिंदीच्या आंदोलनापर्यंत सगळं होतं. भाषेच्या जतनासाठी काम करू असं वचन देणं म्हणजे भाषेच्या नावाने मत मागणं नव्हे, असं कोर्टाने म्हटलं. तेव्हा मराठी शाळांच्या पटसंख्येवर, न्यायालयातल्या मराठीवर उमेदवाराला खुशाल बोलतं करा.

लोकमान्यांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला, गांधीजी धर्म आणि राजकारण वेगळं मानत नव्हते. ते चुकले का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा विजयी मुद्रेने विचारलेला.

१८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तेव्हा सामान्य माणसाला मत नव्हतं. निवडून देण्यासारखं सरकारच नव्हतं. राजकीय सभा घेतली की सरकारी डोळा वटारला जायचा, म्हणून उत्सवाचा मांडव हीच सभा झाली. व्याख्यानं, मेळे, पोवाडे त्याच मांडवात झाले. तरी तो उपाय निर्धोक होता असं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती, आणि सुरुवातीच्या काही मेळ्यांच्या पदांवर तेव्हाही आक्षेप घेतले गेलेच. त्याच टिळकांनी १९१६ साली लखनौला मुस्लिम लीगशी करार घडवून आणला. त्या कराराने काँग्रेसने मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. देशासाठी एकी हवी म्हणून घेतलेला तो निर्णय होता, पण धर्मावर मतदारयादी तोडण्याची १९०९ ची इंग्रजांची क्लृप्ती त्याने पक्की केली. पुढे काय झालं ते १९४७ ने दाखवलं.

गांधीजींचा धर्म हा स्वतःच्या वागण्याला लावायचा निकष होता. ज्या खिलाफत आंदोलनात त्यांनी धार्मिक भावनेचा आधार घेतला, त्याचं मोजमाप मात्र आजही कडवटपणे होतं, आणि ते व्हायलाही हवं. राज्यसंस्था मात्र निधर्मीच हवी, हे त्यांनी स्वातंत्र्याच्या वेळी निःसंदिग्धपणे लिहून ठेवलं.

ज्यांनी घटना लिहिली त्यांनी हा सगळा पन्नास वर्षांचा अनुभव पाहिला होता. म्हणूनच कलम ३२५ आलं: प्रत्येक मतदारसंघाला एकच मतदारयादी, धर्म-जात-लिंग यांवरून कुणाला वगळायचं नाही. आणि ३ एप्रिल १९४८ ला, गांधीहत्येला दोन-सव्वादोन महिने झाले असताना, अनंतशयनम अय्यंगार यांचा ठराव संविधान सभेत मंजूर झाला. ज्या संघटना धर्म, वंश किंवा जात पाहून सदस्य घेतात त्यांना धार्मिक, सांस्कृतिक, सामाजिक आणि शैक्षणिक कामापलीकडे काही करू देऊ नये, असा त्याचा आशय. तो ठरावच राहिला, कायदा झाला नाही. १९९३ मध्ये, बाबरी मशीद पडल्यानंतर, घटनादुरुस्तीचा प्रयत्न झाला, तोही पाठिंब्याअभावी बारगळला.

आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाची महापूजा करतात. तेही बंद करायचं?

आमच्यातही यावर एकमत नाही. महाराष्ट्राच्या लोकांना ती प्रथा आपली वाटते, आणि पूजेच्या वेळी कुणी मतं मागत नाही. या पानाचा तो विषय नाही.

विषय आहे देवस्थानांच्या कारभाराचा, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा कायदा आहे, सिद्धिविनायकासाठी १९८० चा, शिर्डीसाठी २००४ चा. या समित्यांवर सरकार माणसं नेमतं. तिथे कुणाची वर्णी लागते हे कोणत्याही तालुक्याच्या कार्यकर्त्याला विचारा. विधानसभेचं तिकीट हुकलेला, महामंडळही न मिळालेला, नाराज होऊ नये म्हणून. सरकार बदललं की विश्वस्तही बदलतात. देवस्थानाला येणारा पैसा दवाखान्याला, अन्नछत्राला, शाळेला जातो तेव्हा चांगलंच आहे, पण त्याची फीत कोण कापतो, फ्लेक्सवर कुणाचा चेहरा असतो, ते पाहावं. घोषणाबाजीवर आपण वाद घालत बसतो आणि खरी सरमिसळ इथे बिनबोभाट चालू असते.

देवळात सभा घेतली, मशिदीतून, चर्चमधून कुणाला मत द्या सांगितलं, तर?

धर्मसंस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, १९८८ पाहा. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च, मठ, कुठलीही जागा राजकीय प्रचाराला वापरली तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. हा कायदा निवडणुकीपुरता नाही, बारा महिने लागू आहे. आचारसंहितेतही प्रार्थनास्थळं प्रचाराला वापरू नका असं स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे.

याशिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक मजेशीर वाटेल असं कलम आहे. 'अमक्याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल' असं मतदाराच्या मनात भरवणं हा गैरवाजवी प्रभाव, म्हणजे भ्रष्ट आचारच. मजेशीर वाटतं, पण त्यावर निकाल लागलेले आहेत. शिखांमधल्या नामधारी पंथाच्या गुरूंनी अनुयायांना एका उमेदवाराला मत देण्याचं फर्मान काढलं होतं, त्यावरून गेलेली निवडणूक सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये रद्दच ठेवली. भंडारा उचलून, बेल उचलून, कुराणावर हात ठेवून मताची शपथ घ्यायला लावणं हे सगळं इथे मोडतं. गावात हे अजूनही होतं. मतदानाच्या आदल्या रात्री, दार लोटून, चार माणसांत.

हे सगळं आम्हालाच सांगता. दुसऱ्या बाजूच्या लांगूलचालनाचं काय?

तेही याच कायद्यात बसतं. एप्रिल २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावतींना ४८ तास प्रचारबंदी केली, एकाच दिवशी. लगेच आझम खान यांना ७२ आणि मनेका गांधींना ४८ तास. चारही नावं वाचा, कुठल्याही एका गटात बसत नाहीत.

फतव्याने मतं वळवणारा आणि गर्जनेने मतं वळवणारा, दोघांना एकमेकांची गरज असते. एकाच्या भाषणाची चित्रफीत दुसऱ्याच्या प्रचाराला लागते. त्यात तुमच्या गल्लीतला नळ कुणाच्याच भाषणात येत नाही.

धर्माचं राजकारण आणि देशाची प्रगती यांचा खरंच संबंध आहे का? की हे नुसतं बोलायला बरं?

मोठे आकडे फेकायला आम्हाला आवडत नाही. एक शहर घेऊ: भिवंडी.

भिवंडीचा यंत्रमाग कसा चालतो ते माहीत असलेल्याला हे लगेच कळेल. सुताचा व्यापारी एका समाजाचा, माग चालवणारा दुसऱ्या समाजाचा, कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला, कापड घेणारा मुंबईच्या बाजारातला. सूत उधारीवर येतं, कापड उधारीवर जातं. ही सगळी साखळी शब्दावर चालते. एक आठवडा माग बंद राहिला की आधी कामगार गावी निघून जातो, मग उधारी थकते, मग शब्दावरचा विश्वास जातो. जळलेला माग विकत आणता येतो, गेलेला कारागीर परत आणायला वर्ष जातं.

या शहराने मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पाहिली. तिची आणि जळगाव, महाडच्या दंगलींची चौकशी न्या. डी. पी. मादन आयोगाने केली. १९८४ मध्ये पुन्हा पेटलं. नंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची माणसं आणि त्या बीटचा पोलीस शिपाई. पुढाऱ्यांना मुद्दाम फार जवळ येऊ दिलं नाही. बैठकीत विषय कुठले? गटार, पार्किंग, नळावरची भांडणं, भाडेकरूचा वाद. म्हणजे लोक एकमेकांना धर्माने ओळखायचे थांबून कामाने ओळखायला लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं मेली, तेव्हा ज्या भिवंडीचं नाव घेतलं की दंगल आठवायची ती भिवंडी शांत राहिली. तिथले माग चालू होते.

अशी उदाहरणं प्रत्येक ठिकाणी बसतील असं नाही. विकासाच्या नावाने निवडून येऊन काहीच न करणारेही भरपूर आहेत. धर्म बाजूला केला की आपोआप कारखाने येतात, असं समजण्यात अर्थ नाही. फक्त निवडून आलेल्याला जाब विचारायची सोय होते. पुढचं काम आपलं.

नावातच धर्म असलेले पक्ष चालतात का?

चालतात. हिंदू महासभा आहे, इंडियन युनियन मुस्लिम लीग आहे. १९८९ पासून नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला घटनेवर, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा लिहून द्यावी लागते. लिहून सगळेच देतात.

परदेशात नाही का असं? जर्मनीत तर 'ख्रिश्चन' नावाचा पक्ष राज्य करतो.

करतो, आणि ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात. उलट फ्रान्सने १९०५ मध्येच चर्च आणि राज्य तोडलं. प्रत्येक देशाची जखम वेगळी, मलमही वेगळं. आपल्याकडे धर्मावर देश तुटला, म्हणून १९९४ च्या बोम्मई निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग ठरवला.

बरं, धर्म नको. मग उमेदवाराला विचारायचं काय?

'विकास करणार का?' असं विचारू नका. होच म्हणणार. उत्तर आकड्यात द्यावं लागेल असा प्रश्न विचारा.

पाणी घ्या. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. गावाच्या योजनेची टाकी उभी आहे, रंग दिलाय, फलक लागलाय, पण मोटारीला वीजजोडणी आली का? आली तर बिल कोण भरतं? पंधराव्या वित्त आयोगाचे बंधित पैसे पाण्यासाठी आणि स्वच्छतेसाठीच होते, ते कशावर गेले? दवाखाना घ्या. सपाटीवर तीस हजार लोकवस्तीला, आदिवासी-डोंगरी भागात वीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. आपल्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती? रात्री साप चावला तर लस तिथे मिळते की तालुक्याला पळावं लागतं? खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. मागच्या खेपेच्या कामांची यादी मागा, आणि त्यात सभामंडप किती, शाळेच्या खोल्या किती, ते मोजा. सभामंडपांचा आकडा पाहून चकित व्हाल.

उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं: मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. वाचायला दहा मिनिटं लागतात. चहाच्या टपरीवर त्याच्या जातीबद्दल आपण तासभर बोलतो.

गावात असाल तर निवडणुकीची वाट पाहू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा आहेतच. ग्रामपंचायत विकास आराखडा तिथे वाचून दाखवला पाहिजे. बहुतेक ठिकाणी सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. ग्रामसेवकाला, आताच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, शांतपणे म्हणायचं: "भाऊसाहेब, वाचून दाखवा, मग सही करतो." बायकांनी एकत्र येऊन विचारलं तर अजून चांगलं, पाण्याचा हिशेब त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज धार्मिक-राजकीय फॉरवर्ड येतात. मोठ्या माणसांना कसं सांगायचं?

ग्रुपवर वाद घालू नका. चारचौघांत काकांना खोडून काढलं की काका आयुष्यभर त्याच बाजूला राहतात. वेगळा फोन करा. "काका, तो व्हिडिओ कुठला आहे, केव्हाचा आहे, बघितलंत का?" एवढंच विचारा. पुष्कळदा दुसऱ्या राज्यातला, जुन्या दंगलीतला, कधी दुसऱ्या देशातलाही निघतो. आणि एक लक्षात ठेवा: असा मजकूर पुढे पाठवणाराही अडचणीत येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे पूर्वीचं १५३अ, समाजात तेढ पसरवण्याबद्दल आहे. "मी फक्त फॉरवर्ड केलं" हे उत्तर पोलीस ठाण्यात चालेलच असं नाही. काकांना हे मात्र पटकन पटतं.

सभेत असं आवाहन ऐकलं तर नेमकं काय करायचं?

आचारसंहिता लागू असताना निवडणूक आयोगाच्या 'सी-व्हिजिल' ॲपवरून तक्रार होते. फोटो किंवा छोटा व्हिडिओ जागेवरूनच काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. नाव गुप्त ठेवता येतं. शंभर मिनिटांत तक्रारीवर काय झालं ते कळवायचं उद्दिष्ट आयोगाने ठेवलेलं आहे. ॲप जमत नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

पुरावा जपणं महत्त्वाचं. भाषण शब्दशः काय होतं, कोण बोललं, तारीख, जागा, व्यासपीठावर उमेदवार होता का. विलेपार्ल्याचा खटला तीन सभांच्या नोंदींवर उभा राहिला, हे विसरू नका. कापलेली तीस सेकंदांची क्लिप कोर्टात फारशी टिकत नाही, अख्खं भाषण ठेवा.

निवडणूक रद्द करून हवी असेल तर तक्रार पुरत नाही, निवडणूक याचिका लागते. ती हायकोर्टात होते. पराभूत उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघाचा कुठलाही मतदार ती करू शकतो. निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत, दोन हजार रुपये अनामत भरून. एक दिवस उशीर झाला तरी याचिका फेटाळली जाते, आणि या मुदतीत कोर्टाला सवलत देता येत नाही. वकिलाची फी वेगळी. त्यासाठी चार जणांनी मिळून उभं राहिलेलं बरं, एकट्याला ते झेपत नाही.